शिशाची गोळी आणि नळीचा पीळ

अवघ्या ३२७ अंशांवर वितळणारे, साच्यात पडताच गोळीचा आकार धरणारे आणि थंड झाल्यावरही नखाचा ओरखडा उमटू देणारे शिसे ज्या मृदुत्वामुळे शतकानुशतके बंदुकबाजांस प्रिय झाले, तेच मृदुत्व पुढे रायफलीच्या नळीत त्याच्या मुळावर आले. ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांमुळे १८५७ साली हिंदुस्थानात आगडोंब उसळला, तिच्या नळीत गोळी ७८ इंचांत एक फेरा घेई; इतक्या संथ पिळास शिसे सहज वश होई. जोसेफ व्हिटवर्थ यांनी २० इंचांत फेरा देणारी षट्कोनी नळी सिद्ध केली आणि लांबट गोळीस दूरच्या पल्ल्यावर अपूर्व अचूकता लाभली. माझ्या मते खरी क्रांती हीच. परंतु ली-मेटफर्ड रायफलीचा पीळ १० इंचांवर आला, त्यास धूरविरहित दारूचा वेग मिळाला, तेव्हा उघड्या शिशाचा निभाव लागणे अशक्य होते: ते नळीतल्या पिळदार खाचांची पकड सोडून घसरते, नळीत राखाडी लेप ठेवते. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्ये गोळीस तांब्याचे वेष्टन दिले होते. फौजांनी तोच मार्ग पत्करला. हौशी नेमबाज मात्र शिशात कथील व अँटिमनी मिसळून, बुडाशी तांब्याची इवलीशी टोपी बसवून आणि दारू बेताची भरून, आजही त्याच तीव्र पिळातून घरी ओतलेली गोळी निगुतीने पाठवतात.