संशोधन अधिछात्रवृत्ती, हिंगोली जिल्हा

पीएच.डी.चे किंवा धोरणविषयक संशोधन करणाऱ्या उमेदवाराला ठरावीक मुदतीसाठी दरमहा मिळणारे अर्थसाहाय्य. हिंगोलीच्या संशोधकासाठी हा निधी दिल्ली, पुणे आणि नागपूर येथील संस्थांकडून येतो, पीएच.डी.ची नोंदणी बहुधा नांदेडच्या विद्यापीठात होते.

पूर्वपीठिका : निजामाच्या राज्यात हा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया (1918). 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आणि 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे तालुके.

उच्चशिक्षण धोरणातील स्थान : 2001 च्या जनगणनेवर आधारित पाहणीत उच्चशिक्षणातील प्रवेशाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा (12.4 टक्के) कमी असलेले 374 जिल्हे विद्यापीठ अनुदान आयोगाने निश्चित केले. त्यांत महाराष्ट्रातील हिंगोली, जालना, बुलढाणा, गडचिरोली, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सात जिल्हे होते. अशा जिल्ह्यांत आदर्श पदवी महाविद्यालये काढण्याची योजना आखली गेली. नांदेड विद्यापीठाचे हिंगोलीतील न्यू मॉडेल डिग्री कॉलेज याच धोरणातून उभे राहिले.

प्रमुख योजना : ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळवणाऱ्यास 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढील तीन वर्षे 42,000 रुपये मिळतात. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार ठरतो. नांदेड ‘वाय’ आणि हिंगोली ‘झेड’ वर्गात येते. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (1969) स्वतंत्र अधिछात्रवृत्त्या देते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले अध्यक्ष आणि जे. पी. नाईक हे सदस्य-सचिव होते. कोठारी आयोगाचे (1964–66) सदस्य-सचिवही नाईकच. उच्चशिक्षणाच्या धोरणावर संशोधन करण्यासाठी शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या दिल्लीतील ‘नीपा’ या राष्ट्रीय संस्थेत 2014 पासून स्वतंत्र केंद्र आहे.

राज्याच्या योजना समाजगटांनुसार विभागलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याची सारथी (2018), इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती (2019), तर अनुसूचित जमातींसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था (1962). आंध आदिवासींची वस्ती असलेल्या कळमनुरीत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. मात्र संशोधनाचा अर्ज पुण्याकडेच जातो.

उमेदवारी आणि प्रशिक्षण : 2015 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये तरुण पदवीधरांना शासकीय विभागांत धोरणविषयक काम करता येते; मध्यंतरी खंडित झालेली ही योजना 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये दरमहा विद्यावेतन ठरले. सुरुवातीला सहा महिन्यांची असलेली मुदत पुढे वाढवण्यात आली. हे प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषद, शाळा आणि ग्रामपंचायतींतही नेमले गेले. त्यांना मिळतो तो कामाचा अनुभव, संशोधनाचे प्रशिक्षण नव्हे.

वाद : 2023 मध्ये शासनाने बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांची संख्या प्रत्येकी 200 वर आणल्याने राज्यभर आंदोलने झाली. या संस्थांच्या 24 डिसेंबर 2023 च्या संयुक्त चाळणी परीक्षेत जुन्या सेट परीक्षेचेच प्रश्न आल्याचा आक्षेप घेतला गेला आणि 10 जानेवारी 2024 रोजी फेरपरीक्षा झाली. अधिछात्रवृत्तीची रक्कम पीएच.डी.च्या नोंदणीच्या तारखेपासून द्यावी की निवडीच्या, हाही कायमचा तंटा आहे.

मूल्यमापन : या व्यवस्थेत पैसा संशोधकाच्या प्रवर्गावर आणि परीक्षेतील यशावर ठरतो, कोणत्या जिल्ह्यातील कोणता प्रश्न अभ्यासावा, हा निकष त्यात दुय्यम राहतो. त्यामुळे उच्चशिक्षणात मागास म्हणून नोंदलेल्या जिल्ह्याच्याच प्रश्नांना राखीव निधी मिळत नाही. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची गळती, मुलींचा पदवीपर्यंतचा प्रवास, तासिका तत्त्वावरील (सीएचबी) प्राध्यापकांवर चालणारी महाविद्यालये हे विषय संशोधकाच्या वैयक्तिक आवडीवर अवलंबून राहतात. अधिछात्रवृत्ती संपल्यावर त्याच सीएचबी तासिकांवर उभे राहण्याची वेळ अनेक पीएच.डी.धारकांवर येते.