व्हिटबीची मठाध्यक्षा हिल्डा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबीचा मठ इतिहासात गाजला तो इ. स. ६६४ च्या धर्मसभेमुळे. आम्हांस मात्र त्या मठाची थोरवी अन्यत्र दिसते. एका गुराख्याचे गाणे तेथे ऐकले गेले व जपले गेले, हे श्रेय मठाध्यक्षा हिल्डा हिचे.

हिल्डा ६१४ मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या राजकुळात जन्मली. पिता हेरेरिक परागंदा असताना विषप्रयोगाने मारला गेला. ६२७ मध्ये आजोबांच्या नात्यातील राजा एडविनसह तिने बाप्तिस्मा घेतला. तेहेतिसाव्या वर्षी संसार त्यागून गॉलमधील मठात जाण्याचा तिचा मनोदय होता. परंतु आयरिश परंपरेतील बिशप एडन याने तिला स्वदेशी बोलावून घेतले. हार्टलपूलचा मठ सांभाळल्यावर ६५७ मध्ये तिने व्हिटबीचा मठ उभारला. तेथे स्त्रिया आणि पुरुष दोघेही तिच्या आज्ञेत राहत. खाजगी धन कोणापाशीच नसे. राजेही तिचा सल्ला घेत. तिच्या मठातील पाच जण पुढे बिशप झाले. सारे तिला ‘माता’ म्हणत, अशी नोंद इतिहासकार बीड याने केली आहे.

धर्मसभेपुढील वाद ईस्टरचा दिवस ठरविण्याच्या गणनेचा होता. हिल्डा आयरिश पक्षाची. राजा ओस्विऊने कौल दिला रोमच्या बाजूने. आयरिश बिशप कोलमन देश सोडून गेला. हिल्डा मठातच राहिली.

याच मठात केडमन नावाचा गुराखी होता. मेजवानीत वीणेसारखे वाद्य हातोहात फिरू लागले, की गाता येत नाही म्हणून तो उठून जाई. अशाच एका रात्री गोठ्यात निजला असता स्वप्नात त्याला सृष्टीच्या निर्मितीचे गीत स्फुरले. कारभाऱ्याने त्याला हिल्डेपुढे नेले. तिने त्याला हसून वाटेस लावले नाही; विद्वानांसमक्ष त्याची परीक्षा घेतली, मठात सामावून घेतले व त्याला पवित्र कथा ऐकविण्याची आज्ञा केली. त्या ऐकून तो त्यांची पद्ये रची, तीही विद्येच्या लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या बोलीत. त्याच्या त्या पहिल्या गीताच्या नऊ ओळी आज उपलब्ध आहेत. नाव ठाऊक असलेला इंग्रजीचा पहिला कवी तो हाच.

सुमारे सहा वर्षांच्या दुखण्यातही हिल्डेने अध्यापन सोडले नाही. १७ नोव्हेंबर ६८० रोजी तिचे निधन झाले. धर्मसभेत तिचा पक्ष हरला. परंतु गोठ्यातील बोलीला मठात आसन देणारा तिचा निर्णय टिकला. भाषा कवींमुळे वाढते, हे खरेच. त्या कवीला दारातून आत घेणाऱ्यांचे ऋणही तिने विसरू नये, असे आम्हांस वाटते.