पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ

परगावी फोन लावायचा तर पूर्वी ट्रंक कॉल नोंदवावा लागे आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत ताटकळत बसावे लागे. घाई असेल त्याने 'अर्जंट' किंवा त्याहून महाग 'लाइटनिंग' कॉल मागायचा. थेट नंबर फिरवण्याची एसटीडी सेवा 1960 मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर सुरू झाली, पण सामान्य माणसाच्या हाती ती आली ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. 1984 मध्ये सी-डॉट ही दूरसंचार तंत्रज्ञान विकसित करणारी सरकारी संस्था स्थापन झाली. दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने पुढे गल्लोगल्ली पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोनचे बूथ उघडले. बूथवाटपात अपंगांना प्राधान्य होते, हा त्या धोरणातला सर्वांत शहाणा भाग.

बूथ म्हणजे काचेच्या दाराची, एक माणूस जेमतेम मावेल एवढी खोली. डोक्यावर किंवा समोर मीटर. त्यावरचे लाल आकडे पळू लागले की बोलणाऱ्याचे लक्ष निम्मे तिकडेच. रिसीव्हर ठेवताच छोट्या प्रिंटरमधून बिलाची चिठ्ठी करकरत बाहेर येई. रात्री उशिरा दर उतरत, त्यामुळे पुण्यासारख्या शहरात वसतिगृहांतली मुले जेवण उरकून रांग लावत. घरची ख्यालीखुशाली, मनिऑर्डर, परीक्षेचा निकाल, सारे मागच्याच्या कानावर पडे. खासगीपणा काचेपुरताच.

31 जुलै 1995 रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. मे 2003 पासून इनकमिंग फुकट झाले आणि बूथांचा धंदा बसला. अनेक मालकांनी त्याच जागेत झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज सुरू केले.