मर्दानी खेळांच्या स्पर्धा आणि निवाड्याचा प्रश्न : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

होला मोहल्ला, दसरा आणि शिवजयंती या प्रसंगी नांदेड-लातूर परिसरात जुन्या शस्त्रविद्येचे दर्शन घडते. गतका, लाठी, दांडपट्टा हे खेळ मुळात युद्धाच्या तयारीचे होते. आज ते परंपरेच्या स्मरणाचे खेळ आहेत. त्यांना स्पर्धेचे रूप दिले की एक प्रश्न उभा राहतो. रणांगणावर निवाडा शस्त्रच करीत असे. काठीच्या खेळात तो माणसाला करावा लागतो. तो कोणी व कशाच्या आधारे करावा, याचा विचार करताना कुस्तीच्या इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरते. मर्दानी खेळांपैकी निवाड्याची सलग परंपरा या भूभागात प्रामुख्याने कुस्तीनेच जपली आहे.

लातूरला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी कल्याणी होय. तेथील राजा सोमेश्वर तिसरा (इ.स. ११२६-११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे प्रकरण आहे. वय, देहयष्टी आणि बळ यांनुसार मल्लांचे वर्गीकरण, त्यांचा व्यायाम आणि राजाने त्यांना पुरवावयाचा आहार यांचे वर्णन त्यात येते. डावांची नावे दिलेली आहेत. डाव कसा टाकावा हे मात्र सांगितलेले नाही. करमणुकीसाठी सिद्ध झालेल्या या राजग्रंथालाही मल्लांचे वर्ग आधी लावावेसे वाटले, ही बाब लक्षणीय आहे. झुंजीतील न्यायाचा आरंभ झुंजीपूर्वी होतो, याची ही जाण म्हणावी लागेल.

जत्रेच्या फडात हाच विचार ‘जोड’ या शब्दाने व्यक्त होतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराबरोबर कुस्त्यांचा फडही भरतो. अशा फडांत पूर्वी वजनकाटा नसे. मल्लाची अंगलट, वय, त्याची तालीम आणि मागच्या कुस्त्या पाहून जाणते वस्ताद जोड ठरवीत. जोड विषम वाटली तर प्रेक्षकच ओरडत, आणि ती मोडावी लागे. विजयाची खूण एकच, ती म्हणजे चीतपट. कुस्ती निकाली झाली नाही तर ती बरोबरीत सोडवून इनाम वाटून दिले जाई. या पद्धतीला भाबडेपणाने आदर्श मानण्याचे कारण नाही. जोड लावताना गावकी-भावकी आड येई. आधीच संगनमत झालेल्या लढतीसाठी ‘नुरा कुस्ती’ हा शब्दच रूढ आहे. तथापि पंचाने काय पाहिले, हे पाहण्याची संधी फडाभोवतीच्या प्रत्येकाला होती, हे तिचे बलस्थान होय.

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेला प्रारंभ झाला. १९६९ मध्ये लातूरच्या अधिवेशनात याच जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार केसरी झाले. कुस्ती मातीबरोबर गादीवरही आली, तसे गुणांचे महत्त्व वाढले. त्यामुळे निकाली न होणाऱ्या कुस्तीचाही निकाल लागू लागला; परंतु निवाडा प्रेक्षकांच्या डोळ्यांतून निघून पंचांच्या बोटांवर गेला. २०२३ च्या पुणे येथील स्पर्धेत टांग डावाला चार गुण द्यावेत की दोन, यावर महाराष्ट्रभर वाद झाला. २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे तर चीतपटच वादग्रस्त ठरली. पाठ टेकलीच नाही, असा पराभूत मल्लाचा आक्षेप होता. पंचांशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. गैरवर्तनाला शिक्षा झाली हे योग्यच झाले; मात्र शिक्षेने आक्षेपाचे उत्तर मिळत नाही. आक्षेप नोंदविण्याची रीत झुंजीआधी दोन्ही मल्लांना ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नांदेडचा गतका या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचा आहे. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये येथे महानिर्वाण झाले. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब येथील होला मोहल्ल्यात शस्त्रविद्या हा धर्माचरणाचा भाग आहे. तेथे कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. दुसरीकडे गतक्याचा २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत आणि २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत समावेश झाला. एकेरी सोटी आणि फरी-सोटी या प्रकारांत प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला सोटीचा स्पर्श झाला की गुण मिळतो. स्पर्श मोजता येतो, श्रद्धा मोजता येत नाही. मिरवणुकीतल्या खेळाला गुण देऊ नयेत आणि लढतीत पोशाखाला वा जयघोषाला गुण देऊ नयेत, एवढी सीमारेषा आयोजकांनी पाळलीच पाहिजे.

२०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून घोषित झालेल्या दांडपट्ट्याची अडचण वेगळी आहे. दोन्ही धारांच्या या लांब पात्याने समोरच्याला स्पर्श करून गुण मिळविता येत नाही. तेथे प्रात्यक्षिकच जोखावे लागते. लिंबू कापणे ही त्यातील सर्वांत निर्विवाद कसोटी, कारण लिंबू कापले गेले की नाही हे शेवटच्या रांगेतूनही दिसते. पवित्रा, पदन्यास आणि पात्याचा वेग यांबाबत मात्र मतभेद होणारच. त्यांचे गुण वेगळ्या रकान्यांत लिहून फेरी संपताच जाहीर केले, तर निदान मतभेद कशावर आहे ते तरी कळते. ऐतिहासिक वेशभूषेलाही गुण द्यावयाचे असतील, तर तो रकाना स्वतंत्र असावा. महागडा अंगरखा आणि साधलेला हात यांची बेरीज करू नये.

सर्वांत नाजूक प्रश्न पंचांचा आहे. जाणकार थोडे, आणि बहुतेक जाणकार हे स्पर्धकांचेच वस्ताद. शिष्य मैदानात असताना गुरूने पंचाच्या खुर्चीत बसू नये, हा नियम कटू वाटला तरी टाळता येणार नाही. वस्तादाच्या सचोटीवर शंका नसली तरी हरलेल्याच्या मनात ती राहते. नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. लातूरच्या स्पर्धेला नांदेडचे वस्ताद आणि नांदेडच्या स्पर्धेला लातूरचे वस्ताद बोलावणे महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांना अवघड नाही. दोन्ही शहरांतील प्रवास काही तासांचाच आहे.