ध्वनीचे घाऊक रूपांतर : नळकांड्यापासून फाइलीपर्यंत

ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या काळात एका मुद्रणाची दुसरी प्रत काढणे हेच मोठे जिकिरीचे काम होते. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ तयार केल्यानंतर पुढे मेणाच्या नळकांड्यांचा व्यापार सुरू झाला, तेव्हा प्रती काढण्याची सोय तुटपुंजी असल्यामुळे गायकाला अनेक यंत्रांच्या कर्ण्यांसमोर उभे राहून तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागे. एमिल बर्लिनरच्या चपट्या तबकडीने ही अडचण दूर केली. मूळ मुद्रणावरून धातूचा साचा बनवून त्यावरून हजारो तबकड्या छापता येऊ लागल्या. प्रती अशा घाऊक निघू लागल्या, तरी एका माध्यमातला ध्वनी दुसऱ्या माध्यमात नेणे, म्हणजेच रूपांतर, हे काम त्यानंतरही अनेक दशके एकेक नग हाताळूनच होत राहिले.

भारतात ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग याने 1902 साली कलकत्त्यात मुद्रणे केली आणि गौहर जान यांच्या गायनाच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून आल्या. त्या काळच्या अनेक तबकड्यांत गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव पुकारताना ऐकू येते. भाषा न जाणणाऱ्या दूरच्या कारखान्यात कोणते मुद्रण कोणाचे हे ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. ध्वनीसोबत त्याची ओळखही गेली पाहिजे, ही गरज अशी पहिल्यापासूनच होती.

पुढे चुंबकीय फीत आली, 1963 मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, आणि जुन्या तबकड्या फितीवर उतरवण्याची कामे होऊ लागली. तासाभराचे मुद्रण उतरवायला सहसा तासभरच लागे आणि तंत्रज्ञ ते कानांनी ऐकत बसे. या कामात निर्णय पुष्कळ असत. जुन्या तबकड्यांचा वेग मिनिटाला 78 फेरे असा सांगितला जात असला तरी प्रत्यक्षात तो सर्वत्र सारखा नव्हता, आणि वेग सुमारे सहा टक्क्यांनी चढला की पांढरी पाचमध्ये गायलेले गाणे काळी चारचे होऊन बसते. म्हणून गायकाची पट्टी ठाऊक असलेला जाणकार कान प्रत्येक तबकडीगणिक लागे.

अंकीय ध्वनीने हे चित्र पालटले. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीची पातळी सेकंदाला 44,100 वेळा मोजून प्रत्येक मोजमाप 16 बिटांत नोंदवले जाते. या मोजमापांच्या संख्येला नमुनादर म्हणतात. स्टीरिओ ध्वनीच्या एका मिनिटाला त्यामुळे सुमारे 10 एमबी जागा लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि इतरांच्या संशोधनातून घडलेल्या एमपी3 पद्धतीत, मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे आणि म्हणून कानाला सहसा न जाणवणारे तपशील वगळले जातात, आणि 128 केबीपीएस या गतीला तेच मिनिट सुमारे 1 एमबीत मावते. वगळलेले तपशील पुन्हा मिळवता येत नाहीत. 128 ची फाइल 320 मध्ये बदलली तर जागा तेवढी वाढते.

ध्वनी फाइलीत आल्यावर शेकडो फाइलींवर एकच क्रिया एका आज्ञेने करणे, म्हणजे बॅच प्रोसेसिंग, शक्य झाले. लान्स नॉर्स्कॉग यांनी 1991 मध्ये सुरू केलेले सॉक्स आणि फाब्रिस बेलार यांनी 2000 मध्ये सुरू केलेले एफएफएमपेग ही या कामाची सर्वपरिचित साधने होत. नमुनादर बदलणे, आवाजाची पातळी सारखी करणे, आरंभीची आणि अखेरची शांतता छाटणे अशा क्रिया त्यांत आधी नियम ठरवून केल्या जातात. पूर्वी प्रत्येक नगापाशी होणारा निर्णय आता आरंभी एकदाच होतो, आणि तो चुकला तर सगळ्याच फाइलींत उतरतो. अमुक पातळीखालचा आवाज म्हणजे शांतता, हा नियम भाषणांच्या संग्रहाला चालतो. ख्यालाच्या मुद्रणांना तोच लावला तर आलापापूर्वीचा तानपुऱ्याचा मंद झंकारही छाटला जातो.

ओळखीचा प्रश्नही नव्या रूपात उभा राहिला. एरिक केम्प यांनी 1996 मध्ये योजलेल्या आयडी3 या नामपट्टीत एमपी3 फाइलीच्या अगदी अखेरीस 128 बाइट जोडले जात, आणि त्यांतील 30 शीर्षकासाठी, तर 30 कलाकाराच्या नावासाठी राखलेले असत. तबकडीच्या शेवटी पुकारलेल्या नावाचेच काम ही पट्टी करी. परंतु तिच्यात देवनागरीची सोय नव्हती. युनिकोड स्वीकारणाऱ्या पुढच्या आवृत्त्यांनी ही उणीव भरून काढली, तरी जुन्या साधनांतून घाऊक रूपांतर करताना मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटणे हे संग्राहकांच्या ओळखीचे दुखणे राहिले.

या अनुभवांशी सुसंगत अशीच शिस्त ध्वनिसंग्रहालयांनी पाळली आहे. मूळ प्रत वेव्हसारख्या, काहीही न वगळणाऱ्या स्वरूपात, ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीनुसार शक्यतो 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिटांत, जपायची, आणि श्रोत्यांसाठीच्या लहान प्रती तिच्यावरूनच घाऊक काढायच्या. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाशी निगडित, 1913 ते 1929 या काळातली मुद्रणे आज अंकीय रूपात ऐकता येतात. अशा संग्रहाची मूळ प्रत शाबूत असेल तर नियम चुकल्याचे उद्या ध्यानात आले तरी तो सुधारून सगळे रूपांतर नव्याने करता येते, आणि ती नसेल तर घाईत ठरवलेला नियमच त्या आवाजांचा एकमेव पुरावा होऊन बसतो.