वजन कमी करणं कधी थांबवायचं? काट्यावरचा आकडा सोडून बघायच्या पाच गोष्टी

वजन कसं कमी करायचं हे सांगणारे हजार जण भेटतात. कुठे थांबायचं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यामुळे काही जण 'अजून दोन किलो, अजून दोन किलो' करत अंगातली ताकद घालवतात. काही जण ठरवलेला आकडा दिसला की सगळं सोडून देतात आणि वर्षभरात होते तिथेच परत येतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, भोर तालुक्यातल्या शिवरे गावातून रोज शिरवळच्या कारखान्यात कामाला जाणारा एक माणूस आहे. वय 42, उंची 165 सेंटीमीटर. वजन 78 किलो होतं, वर्षभरात 65 वर आणलं. घरचे म्हणतात, 'आता पुरे, तोंड उतरलंय.' मोबाइलवरचं ॲप म्हणतं, 'नॉर्मल.' त्याला स्वतःला वाटतं, 60 झालं की थांबू. यात बरोबर कोण?

बीएमआय काय सांगतो?

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. या माणसाचा बीएमआय 28.7 वरून 23.9 वर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मोजपट्टीत 25 च्या खाली म्हणजे ठीक. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी 2009 मध्ये सुचवलेली पट्टी मात्र जास्त कडक आहे. तिच्यानुसार 18 ते 22.9 सामान्य, 23 ते 24.9 जादा वजन आणि 25 पासून पुढे लठ्ठपणा.

म्हणजे 165 सेंटीमीटर उंचीला साधारण 49 ते 62 किलो आणि 155 सेंटीमीटर उंचीला साधारण 43 ते 55 किलो. पट्टा किती रुंद आहे बघा. याच्या आत नेमकं कुठे थांबायचं, हे बीएमआय सांगत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांचा फोटो

भारतीयांसाठी वेगळी पट्टी का, याचं एक उत्तर पुण्यातूनच मिळालं. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी पळत जाऊन ती गाठणं, असं त्यात गमतीनं लिहिलं होतं.

पण कारण फक्त व्यायामाचं नव्हतं. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं हलकी होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त होती.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. काटा चरबी आणि स्नायू वेगळे दाखवत नाही. मुळातच स्नायू कमी असलेला माणूस नुसता उपाशी राहून बारीक झाला, तर चरबीबरोबर असलेले स्नायूही जातात. आकडा छान दिसतो, पण पोट तसंच राहतं.

थांबायची वेळ झाली का? हे तपासा

1. कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा. पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटीमीटरच्या आत हवी. सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी.

2. रिपोर्ट. साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड सुधारले का? वजन मुळात जास्त असेल, तर त्याच्या 5 ते 10 टक्के कमी झालं तरी यांत फरक दिसू लागतो.

3. ताकद. राजगडाची चढण, शेतातली पाटी, दुसऱ्या मजल्याचा जिना ही कामं पूर्वीपेक्षा सोपी वाटायला हवीत. वजन उतरलं आणि दमही गेला, तर काहीतरी चुकतंय.

4. शरीराच्या तक्रारी. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, खूप केस गळणं, सतत थंडी वाजणं, चक्कर, झोप उडणं, दिवसभर डोक्यात फक्त जेवणाचा विचार. यातलं काही असेल तर आकडा काहीही असो, वजन कमी करणं थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.

5. जमतंय का? आज जे खाता, तसंच जवळपास पुढची पाच वर्षं खाऊ शकाल का? 'अजिबात नाही' असं उत्तर असेल, तर त्या खाण्यानं आलेलं वजनही टिकणार नाही.

आता शिवऱ्याच्या आपल्या माणसाकडे येऊ. समजा त्याची कंबर 92 आहे, साखर सुधारलीय, पण गेले दोन महिने थकवा आहे आणि वजन हलत नाही. त्यानं आता 60 चा हट्ट सोडावा. तीन-चार महिने 65 वरच टिकावं, पोटभर प्रथिनं खावीत, ताकदीचा व्यायाम सुरू करावा आणि मग पुन्हा कंबर मोजावी. मध्ये असं थांबणं म्हणजे हार नव्हे. त्याच वजनावर कंबर एक-दोन इंच कमी झाली, तर काम झालं.

थांबल्यावर वजन परत का वाढतं?

याला फक्त आळस कारणीभूत नसतो. ऑस्ट्रेलियात 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 50 जणांचं वजन दहा आठवड्यांत कमी केलं गेलं. वर्षानंतरही त्यांची भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेलीच होती. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा विश्रांतीत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होतं. शरीर जुन्या वजनाकडे ओढत राहतं.

वजनाच्या इंजेक्शनांचंही तेच. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं एका चाचणीत दिसलं. म्हणून इंजेक्शन सुरू करतानाच 'थांबवायचं कसं' हे डॉक्टरांना विचारा.

टिकवायचं कसं?

- खाणं हळूहळू वाढवा. एकदम जुन्या ताटावर जाऊ नका. आधी रोज एक मध्यम भाकरी, म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी वाढवा. दोन-तीन आठवडे बघा, मग पुढचं ठरवा.

- पहिल्या किलोला घाबरू नका. भात-भाकरी वाढली की शरीर साखरेचा साठा भरतं आणि त्याबरोबर पाणी धरून ठेवतं. एक-दीड किलो असंच वाढू शकतं. ती चरबी नव्हे.

- एक आकडा नको, पट्टा ठरवा. उदाहरणार्थ 64 ते 67. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा. सलग तीन आठवडे पट्ट्याच्या वर असलात, तरच खाणं आवरा.

- हंगाम ओळखा. भोर-वेल्हे पट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत अंगमेहनत खूप होते, नंतर कमी होते. ताट मात्र बहुतेक तेवढंच राहतं. दिवाळीचा फराळ आणि लग्नसराईतही तेच. अशा महिन्यांत वजन वाढू दिलं नाही, एवढंच यश पुरेसं आहे.

- स्नायू सांभाळा. आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम करा. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे-मटण यातलं काहीतरी असू द्या.

स्वतः ठरवू नका, असं कुणासाठी?

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन घेणाऱ्यांचा डोस वजन घटल्यावर बदलावा लागू शकतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, साठी ओलांडलेले आणि खाण्याबद्दल सतत अपराधी वाटणारे, यांनीही डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

आणि काहीच न करता सहा महिने ते वर्षभरात 5 टक्के वजन उतरलं असेल, तर आनंद मानू नका. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह अशी कारणं असू शकतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लवकर दाखवा.