उष्ण झरे, हम्माम आणि त्वचारोग : नर्मदा खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

देवास जिल्ह्यातील खातेगांव हे तालुक्याचे गाव. त्याच्या दक्षिणेस नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर वसले आहे. आज नेमावर ओळखले जाते ते सिद्धनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे. परंतु या गावाचे नाव एका अरबी ग्रंथातही आलेले आहे. अबू रैहान अल्-बिरूनी (९७३-१०४८) याने सुमारे १०३० मध्ये लिहिलेल्या ‘किताबुल हिंद’मध्ये धारहून दक्षिणेस गोदावरीकडे जाणारा मार्ग दिला आहे आणि त्यावरील एक मुक्काम म्हणून नर्मदाकाठच्या नेमावरची नोंद केली आहे.

याच अल्-बिरूनीने ‘आसारुल बाकिया’ या ग्रंथात झऱ्याचे पाणी वर का उसळते याचा विचार केला आहे. उंचावरील साठ्याचा दाब खालच्या पाण्याला वर ढकलतो, हे त्याचे स्पष्टीकरण. त्याचा समकालीन इब्ने सीना (९८०-१०३७) याने दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला : असे पाणी माणसाच्या शरीरावर काय परिणाम करते? या दोघांत शास्त्रीय विषयांवर प्रश्नोत्तरेही झाली होती. सातपुड्यात, खानदेशात आणि कोकणात खरूज, नायटा, इसब, कोड अशा व्याधींनी त्रस्त झालेली माणसे आजही ऊन पाण्याच्या कुंडांकडे जातात. त्यांच्या श्रद्धेत तथ्य किती आणि धोका किती, हे या दोन प्रश्नांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तिब्बमधील पाण्याचा विचार

मुस्लिम मनात पाणी आणि शिफा यांचे नाते हजरत अय्यूब (अ. स.) यांच्या वृत्तांताने दृढ झाले आहे. कुरआनातील सूरह सादमध्ये त्यांना जमिनीवर पाय मारण्याची आज्ञा होते आणि स्नानासाठी व पिण्यासाठी पाणी मिळते, असा प्रसंग आहे. त्यांचा आजार त्वचेचा होता, असे लोकप्रिय कथनांत सांगितले जाते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : ते पाणी थंड असल्याचे वर्णन आहे. म्हणजे केवळ उष्णतेलाच शिफा मानण्यास येथे आधार मिळत नाही.

इब्ने सीनाच्या ‘अल्-कानून’मध्ये खनिजयुक्त पाण्याचे प्रकार वेगवेगळे केलेले आढळतात : गंधकाचे, खारट, लोहयुक्त, तांब्याचे, तुरटीचे. प्रत्येकाचा गुण निराळा आणि दोषही निराळा. गंधकयुक्त पाणी पुरळ, व्रण व त्वचेवरील डाग यांवर उपयोगी मानले आहे. पण त्याने जठर दुर्बल होते, असेही बजावले आहे. अशा पाण्यात एकदम उडी न घेता सावकाश, क्रमाक्रमाने उतरावे, असा सल्ला आहे. युनानीत ‘इलाज बित्तदबीर’ या उपचारशाखेत हम्माम, आबजन (कोमट पाण्यात बसणे) आणि नुतूल (पाण्याची धार धरणे) यांना स्थान मिळाले, ते याच दृष्टीने. पाणी हे येथे औषध होते, म्हणून त्याला मात्रा होती, पथ्य होते आणि देखरेख करणारा हकीमही होता.

मांडूचा दारुश्शिफा

माळव्यात या परंपरेला राजाश्रय मिळाला. सुलतान महमूद खिलजी (कारकीर्द १४३६-१४६९) याने १४४५ मध्ये शादियाबाद मांडू येथे दारुश्शिफा स्थापन केला, त्याच्या खर्चाची तरतूद केली आणि मौलाना फजलुल्लाह या हकिमाची तेथे नेमणूक केली, असे फारसी इतिहासग्रंथांतून दिसून येते. धार जिल्ह्यातील मांडूच्या राजवाडा परिसरात चंपा बावडीजवळ शाही हम्माम आजही पाहावयास मिळतो. त्याच्या छताला ताऱ्यांच्या आकाराचे झरोके आहेत; गरम आणि थंड, दोन्ही पाण्याची तेथे सोय होती. येथे निसर्गाने तापवलेले पाणी नव्हते. पाणी माणसाने तापवले. किती तापवायचे, हेही माणसाच्याच हाती होते. नैसर्गिक झऱ्यापाशी नेमका हाच ताबा राहत नाही.

नर्मदा-तापीच्या पट्ट्यातील झरे

नर्मदेच्या खोऱ्यालगत भूकवचात एक मोठी प्राचीन भेगरेषा आहे. भूशास्त्रज्ञ तिला नर्मदा-सोन रेषा म्हणतात. पावसाचे पाणी अशा भेगांतून खोल जाते. सामान्यतः दर किलोमीटर खोलीस तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. तापलेले पाणी खडकातील क्षार विरघळवीत पुन्हा वर येते. वर ढकलणाऱ्या दाबाबद्दल अल्-बिरूनीने मांडलेले तत्त्व येथेही लागू पडते.

महादेव डोंगरांच्या परिसरात, छिंदवाडा जिल्ह्यातील झिरपा गावाजवळचा अनहोनीचा झरा या भागात त्वचारोगांसाठी प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात उनपदेव येथे गोमुखातून ऊन पाणी पडते. कोकणात ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातील तुरळ, उन्हवरे, राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. उन्हवऱ्याचे पाणी तर सुमारे ७० अंशांपर्यंत तप्त असते. लोक या साऱ्या पाण्यांना सरसकट ‘गंधकाचे पाणी’ म्हणतात. प्रत्यक्षात कोकणातील बहुतेक झऱ्यांत सोडियम व कॅल्शियमचे क्लोराइड क्षार प्रमुख आहेत. इब्ने सीनाने जो भेद आग्रहाने केला, तोच लोकव्यवहारात पुसला गेला आहे.

लाभ आणि त्याची मर्यादा

खनिजयुक्त पाण्याचे काही गुण आधुनिक वैद्यकालाही मान्य आहेत. गंधकाची संयुगे त्वचेवरील जाड खपल्या सैल करतात व काही जंतूंची वाढ रोखतात. फ्रान्समधील आव्हेन येथे १७४३ पासून स्नानगृह आहे आणि तेथे आजही इसब व सोरायसिसच्या रुग्णांवर उपचार होतात. तुर्कस्तानातील कांगल येथील कोमट झऱ्यात सोरायसिसचे रुग्ण येतात. तेथील लहान मासे त्वचेवरील खपल्या टिपतात. मृत समुद्राकाठी खारे पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्या एकत्रित उपचाराने सोरायसिस कमी होतो, असा अनुभव आहे. या ठिकाणी रोगाचे निदान आधी होते आणि स्नान किती वेळ, किती दिवस, हे ठरवून दिले जाते. शिवाय हा लाभ बहुधा तात्पुरता असतो. रोग पुन्हा उद्भवू शकतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अतिउष्ण पाण्याने त्वचा कोरडी पडते आणि इसबाची खाज वाढते. नायटा हा बुरशीचा संसर्ग आहे. ओले कपडे आणि सामाईक पंचा यांतून तो घरभर पसरतो. खरूज किड्यामुळे होते; ती स्नानाने जात नाही, घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. कोडात त्वचेतील रंगपेशीच नष्ट होतात. त्या पाण्याने परत येत नाहीत.

सर्वांत मोठा धोका कुष्ठरोग्याला आहे. फिकट, बधिर चट्टा हे या रोगाचे आरंभीचे लक्षण. ज्या हातापायांना संवेदना नाही, त्यांना पाणी किती तापले आहे हेच कळत नाही. ६० अंशांच्या पाण्यात काही सेकंदांतच त्वचा भाजते; अशा जखमा चिघळून बोटे गमावण्याची वेळ येते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांचीही हीच गत. बहुविध औषधोपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सुचवला. त्याने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि हा उपचार सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो. कुंडाच्या भरवशावर घालवलेले प्रत्येक वर्ष रुग्णाच्या नसांचे नुकसान करते. लोकलज्जेमुळे दवाखाना टाळून कुंडाकडे जाणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर हा विलंब अधिकच महागात पडतो.

निष्कर्ष

इब्ने सीनाच्या ग्रंथात आणि मांडूच्या दारुश्शिफात पाणी व हकीम वेगळे नव्हते. पुढे झऱ्याची कीर्ती उरली आणि हकीम मात्र बाजूला पडला. पाणी गुणकारी आहे की नाही, हा वाद त्यामानाने गौण आहे. कोणत्या रोगाला, कोणत्या पाण्याने, किती उष्णतेवर, हा प्रश्न विचारणे आपण सोडून दिले, हे खरे नुकसान आहे.

हे नुकसान भरून काढणे अशक्य नाही. हैदराबाद येथे त्वचारोगांसाठी युनानी वैद्यकाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. जळगाव, मालेगाव आणि बुऱ्हाणपूर येथे युनानी महाविद्यालये आहेत. उनपदेवसारख्या झऱ्यांच्या पाण्याचे पृथक्करण करणे, येणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवणे आणि बधिर चट्टा दिसताच त्यांना दवाखान्यात पाठवणे, एवढे काम या महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि अध्यापक सहज करू शकतील. झऱ्याकडे जाणाऱ्याला अडवण्याची गरज नाही. मात्र त्याने आधी वैद्याकडे जावे आणि मग पाण्याकडे. तिब्बच्या जुन्या ग्रंथांचा क्रमही हाच आहे.